वृद्धांमधील मानसिक विकार (वर्धा जिल्हा)

साठी ओलांडलेल्यांत नैराश्य, चिंताविकार व स्मृतिभ्रंश हे विकार प्रामुख्याने आढळतात. त्यांचे खरे प्रमाण दवाखान्याच्या नोंदवहीत नव्हे, घरोघरी विचारपूस केल्यावरच कळते. खेड्यातली म्हातारी ‘मन उदास आहे’ असे सहसा म्हणत नाही; ‘जीव घाबरते, रातभर डोळा लागत नाही’ म्हणते आणि बी.पी.ची गोळी घेऊन परतते. विसराळूपणाची तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरचेच बोळवण करतात. पाहणीत वापरल्या जाणाऱ्या वृद्ध-नैराश्य प्रश्नावलीच्या छोट्या रूपात १५ ‘हो-नाही’ प्रश्न असतात. ती चाळणी आहे, निदान नव्हे.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत (लासी) साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्य दिसले. याच वयोगटात स्मृतिभ्रंशाचा देशातील अंदाज ७.४ टक्के आहे. वर्धा हा विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. मुलामागे उरलेल्या आईबापांचे दुःख आत्महत्यांच्या मोजणीत येत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान (१९६९) आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय येथे मानसोपचार मिळतात. टेली-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा निःशुल्क क्रमांक १४४१६ आहे.