घर पडलं तरी हप्ता थांबत नाही : घरमालकांनी विमा, कर्ज आणि कागदपत्रं कशी सांभाळावीत? वाचा सविस्तर

अहिल्यानगर : सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडकर अजून विसरलेले नाहीत. शेतं वाहून गेली, तसंच अनेक ठिकाणी घरांत पाणी शिरलं, भिंती खचल्या. पिकाच्या नुकसानीवर गावोगाव चर्चा झाली. घराचं मात्र बहुतेकांनी "पंचनामा झालाय, बघू काय मिळतंय" एवढ्यावर सोडून दिलं.

गावाकडं माणूस आयुष्यभराची कमाई घरात घालतो. ऊस बिल, कांद्याची पट्टी, बायकोचं सोनं आणि वरून बँकेचं कर्ज, हे सगळं त्या चार भिंतींत असतं. ट्रॅक्टरचा विमा आपण काढतो, मोटारसायकलचाही काढतो. पण दहा-पंधरा लाखांच्या घराला विमा नसतो. म्हणूनच घर असलेल्या प्रत्येकाला उपयोगी पडेल अशी माहिती इथे एकत्र देत आहोत.

सरकारी मदत किती मिळते?

नैसर्गिक आपत्तीत घरांच्या नुकसानीसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. 2022 ते 2026 या काळासाठी ठरलेले दर असे होते :

- घर पूर्ण पडलं किंवा राहण्यालायक उरलं नाही : सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार रुपये
- पक्क्या घराची अंशतः पडझड (किमान 15 टक्के) : 6,500 रुपये
- कच्च्या घराची अंशतः पडझड (किमान 15 टक्के) : 4,000 रुपये
- झोपडी : 8,000 रुपये
- घराला लागून असलेला गोठा : 3,000 रुपये

एखाद्या वेळी सरकार वेगळं पॅकेज जाहीर करतं, पण दरवेळी तसं होईलच असं नाही. पक्क्या घराची एक भिंत पडली तर साडेसहा हजारांत विटासुद्धा येत नाहीत. आणि घर पडलं म्हणून कर्ज माफ होत नाही. पुढच्या महिन्याच्या तारखेला हप्ता कापला जातोच. हा मधला खड्डा विम्यानेच भरता येतो.

घराचा विमा : 'भारत गृह रक्षा'

विमा नियामक संस्था 'इर्डाय'ने 1 एप्रिल 2021 पासून सर्व जनरल विमा कंपन्यांना घरासाठी एकसारख्या नियमांची पॉलिसी देणं बंधनकारक केलं. तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. कंपनी सरकारी असो वा खासगी, मूळ नियम तेच.

यात काय मिळतं : आग, वीज पडणं, वादळ, पूर, घरात पाणी शिरणं, भूकंप, दरड कोसळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं यांमुळे झालेलं नुकसान. अशी घटना घडल्यावर 7 दिवसांच्या आत घरात चोरी झाली तर तीही धरली जाते. घर राहण्यालायक नसेल तर दुसरीकडे राहण्याचं भाडंही पॉलिसीतल्या मर्यादेत मिळतं.

रक्कम कशी ठरते : घराचं चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा घर 800 चौरस फूट आहे आणि तुमच्या भागात बांधकाम 1,600 रुपये फुटाने होतं, तर विमा रक्कम 12 लाख 80 हजार. यात जागेची किंमत धरायची नाही, कारण घर पडलं तरी जागा जागेवरच असते. घरातल्या सामानासाठी घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप जोडलं जातं. पॉलिसी 1 वर्षापासून 10 वर्षांपर्यंत घेता येते. बांधकाम महाग होत जातं, म्हणून घराची विमा रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते. त्याचा वेगळा पैसा लागत नाही.

हप्ता किती : दहा लाखांच्या पक्क्या घराचा वर्षाचा हप्ता बहुतेक वेळा हजार रुपयांच्या आतच बसतो. कंपनी आणि भाग बदलला की रक्कम बदलते, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

यात काय मिळत नाही, हेही नीट वाचा :

- घर जुनं झाल्यामुळे पडलेल्या भेगा, हळूहळू मुरलेली ओल
- शॉर्टसर्किट झालेलं उपकरण. मात्र त्यातून आग पसरून बाकी घर जळालं तर ते नुकसान मिळतं
- रोख रक्कम. सोन्या-नाण्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं
- एरवी होणारी घरफोडी. तिचाही विमा वेगळा
- जनावरं आणि विक्रीसाठी साठवलेला कांदा, सोयाबीन, कापूस

घर कच्चं असेल, पुढच्या खोलीत किराणा दुकान किंवा गिरणी असेल, तर कंपनीला आधीच सांगा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी उघडी पडते आणि सगळाच दावा अडकतो. पॉलिसी मे महिन्यातच काढा. पाणी दारात आल्यावर काढलेल्या विम्याचा उपयोग नाही.

बँकेने काढलेला विमा एकदा तपासा

गृहकर्ज घेताना बऱ्याचदा बँकच विमा काढते आणि आपण फक्त सही करतो. तो घराचा आहे की कर्जदाराच्या जीवाचा, हे विचारा. घराचा असेल तर रक्कम फक्त कर्जाएवढी आहे का, ते पाहा. घर 15 लाखांचं, कर्ज 6 लाखांचं आणि विमाही 6 लाखांचाच असेल, तर दाव्याच्या पैशातून आधी बँकेचं कर्ज फिटेल आणि तुमच्या हातात फारसं काही उरणार नाही.

कर्जदाराच्या जीवाचा विमा असेल तर त्याचा एकरकमी हप्ता बऱ्याचदा कर्जातच घातलेला असतो, म्हणजे त्यावरही व्याज चालू असतं. अमुकच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती बँक करू शकत नाही. स्वतंत्र टर्म विमा घेतला तर पैसे थेट वारसाला मिळतात आणि कर्ज फेडायचं की कसं, हे घरचे ठरवू शकतात. पॉलिसी पसंत नसेल तर हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

कमी पैशात मिळणारं संरक्षण

- प्रधानमंत्री जीवनज्योती : वर्षाला 436 रुपये, मृत्यूनंतर 2 लाख. वय 18 ते 50 मध्ये नाव नोंदवता येतं, 55 पर्यंत चालू राहतं.
- प्रधानमंत्री सुरक्षा विमा : वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख. वय 18 ते 70.
- दोन्हींचं वर्ष 1 जून ते 31 मे. मे महिन्यात खात्यात 456 रुपये शिल्लक नसतील तर विमा बंद पडतो आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही.
- गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान : सर्पदंश, विजेचा धक्का, वीज पडणं, पाण्यात बुडणं अशा अपघाती मृत्यूला 2 लाख. हप्ता काहीच नाही. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लगेच द्या.
- गॅस सिलिंडर : नोंदणीकृत पत्त्यावर स्फोट झाला तर तेल कंपन्यांच्या विम्यातून मृत्यूला 6 लाख आणि घराच्या नुकसानीला जास्तीत जास्त 2 लाख मिळू शकतात. गॅस एजन्सीला आणि पोलिसांना त्याच दिवशी लेखी कळवा.

हप्ता महिन्याचा, कमाई हंगामाची

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो. आपला ऊस, कांदा तसा येत नाही. म्हणून महिन्याचा हप्ता दुधाच्या पगारात बसेल एवढाच ठेवा आणि मोठं बिल आलं की त्यातला भाग मुद्दलात भरा.

हिशोब बघा. 10 लाख कर्ज, 9 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत, हप्ता साधारण 9 हजार. पहिल्या वर्षी 1 लाख 8 हजार भरूनही मुद्दल कमी होते फक्त 18,700 च्या आसपास. बाकी सगळं व्याज. पहिल्या वर्षाअखेर ऊस बिलातून एकदाच 50 हजार मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे साधारण 27 हप्ते वाचतात, म्हणजे 2 लाख 40 हजारांच्या घरात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर आधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. पैसे भरताना "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा" असं लेखी द्या.

अडीनडीचा पैसा एकाच ठिकाणी नको

किमान सहा हप्ते आणि सहा महिन्यांचं किराणा-दवाखाना भागेल एवढी रक्कम बाजूला हवी. ती कुठं ठेवायची, याचा धडा आपल्या जिल्ह्याला मिळालेला आहे. 1910 साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेवर डिसेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि 4 ऑक्टोबर 2023 रोजी तिचा परवाना रद्द केला. निर्बंधांच्या काळात लोकांना स्वतःचेच पैसे हवे तेव्हा काढता आले नाहीत.

बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं 5 लाखांपर्यंत संरक्षण असतं, मुद्दल आणि व्याज धरून. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून ही मर्यादा आहे. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांना मात्र हे संरक्षण नाही. दोन टक्के व्याज जास्त मिळतंय म्हणून अडीनडीचा सगळा पैसा तिथं ठेवू नका.

नुकसान झालं तर काय करायचं?

1. आधी माणसं आणि जनावरं सुरक्षित ठिकाणी न्या. विजेचा मेन स्विच बंद करा.
2. काही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ काढा. पाणी किती वर आलं, ती खूण भिंतीवर दिसू द्या.
3. विमा कंपनीला फोन करून दावा क्रमांक घ्या आणि लिहून ठेवा.
4. तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला कळवून पंचनामा करून घ्या, त्याची प्रत मागा. आग किंवा चोरी असेल तर पोलिसांतही नोंद करा.
5. कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत राडारोडा टाकून देऊ नका. तातडीची दुरुस्ती करावीच लागली तर पावत्या जपून ठेवा.
6. दावा नाकारला तर कारण लेखी घ्या आणि कंपनीकडे तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात एक वर्षाच्या आत जाता येतं. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. 'इर्डाय'चा तक्रार क्रमांक 155255.

कागद नीट, तर सगळं नीट

घर अजून आजोबांच्या नावावर आणि विमा नातवाच्या, असं असेल तर दाव्याच्या वेळी अडचण येते. वारस नोंद आधी करून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढा; गावठाणात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका घ्या.

कर्ज फिटल्यावर बँकेने 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. निल दाखला घेऊन सातबारावरचा बोजाही लगेच कमी करून घ्या. तो तसाच राहिला तर पुढच्या कर्जाला आणि वाटणीला आडवा येतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं : पॉलिसी, पासबुक, कर्जाचा कागद आणि घराचे उतारे एका पिशवीत ठेवा, फोटो काढून दोन मोबाइलमध्ये ठेवा आणि ती पिशवी कुठं आहे हे घरातल्या बाईमाणसाला, मुलांना सांगून ठेवा. आपल्या नावाचा विमा आहे हे घरच्यांनाच माहीत नसेल, तर त्यांनी दावा करायचा कसा? आज संध्याकाळी जेवणं झाल्यावर एवढं एक काम करा.