खंडित अध्ययन



मुलाने कॉलेज अर्ध्यावर सोडले की गावात दोनच कारणे सांगितली जातात. एक तर पोराचे लक्ष उडाले, नाही तर घरचा पैसा आटला. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात तिसरेही एक कारण नोंदलेले आहे. घनसावंगीत त्याचे स्मरण करणे उचितच होय. कारण हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या प्रकरणाची ठिणगी औरंगाबादेसच पडली.

१९१८ साली सुरू झालेले उस्मानिया हे त्या राज्यातील एकमेव विद्यापीठ. तेथील शिक्षण उर्दूतून. मराठी, तेलुगू, कानडी मुलांनी परक्या माध्यमाचे ओझे वाहिले. तेवढ्यासाठी पुस्तके मिटली नाहीत. परंतु १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली, तेव्हा ती हटून बसली. हे लोण हैदराबादेस पोहोचले आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून उतरली.

पुढे काय? पदवी हीच ज्यांच्या घरची आशा, त्यांनी कोठे जावे? नागपूर विद्यापीठाने दार उघडले. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात या मुलांना तेथे प्रवेश मिळाला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक.

येथे थोडे थांबून विचार करावा. बाणा सर्वांचा सारखाच होता. पण नागपूरचे भाडे आणि खानावळीचा खर्च सर्वांच्याच घरी निघण्यासारखा नव्हता. ज्याला तो झेपला त्याचे शिक्षण केवळ खंडित झाले. ज्याला झेपला नाही त्याचे संपले. दोघांत फरक निष्ठेचा नव्हता, ऐपतीचा होता.

१९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पुन्हा विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. नागपूरइतके दूर जाण्याची गरज सरली.

तरीही दुष्काळाच्या वर्षी, ऊसतोडीच्या हंगामात, मराठवाड्यातली मुले आजही वर्गातून उठून जातात. त्यांच्या मागे घोषणा नसतात, म्हणून त्यांची नोंद इतिहासात होत नाही. 'का सोडलेस?' हे त्यांना विचारणे सोपे आहे. १९३८ सालाने शिकविलेला प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारावयाचा आहे: तो परत आला, तर त्याच्यासाठी दार उघडे आहे काय?