तबकडीवर उशिरा आलेले संगीत

वाद्यवृंदासाठी रचना करू पाहणाऱ्या तरुणाला बेथोव्हन, ब्राम्स यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकायला सांगतात. त्या ऐकाव्यातच. पण ज्यांच्यासाठी सभागृहाचे दार सहजी उघडले नाही त्यांनी हीच वाद्ये कशी वापरली, हे कळल्याशिवाय त्याचे शिक्षण पुरे होत नाही, असे मी मानतो. दलित पँथरने १९७२ साली अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीवरून नाव घेतले. त्यांच्या कविता आपल्याकडे वाचल्या गेल्या. त्यांच्या सिम्फनीची चर्चा मात्र क्वचितच झाली.

सुरुवात द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड'पासून करावी. न्यूयॉर्कच्या संगीतशाळेत तो प्रमुख असताना हॅरी बर्ली हा काळा विद्यार्थी त्याला गुलामांची भक्तिगीते गाऊन दाखवी. अमेरिकेचे संगीत याच पायावर उभे राहील, असे द्वोर्झाकने १८९३ साली जाहीर केले. पाया ज्यांचा होता त्यांची सिम्फनी नामवंत वाद्यवृंदाने वाजवायला मात्र आणखी ३८ वर्षे गेली.

१९३१ साली विल्यम ग्रँट स्टिलची 'आफ्रो-अमेरिकन सिम्फनी' रॉचेस्टरमध्ये सादर झाली. नीमे यार्वीने डेट्रॉइटच्या वाद्यवृंदाकडून ती वाजवून घेतली आहे. १२ बारांचा ब्लूज तोंड दाबलेल्या ट्रंपेटवर कसा उमटतो आणि तिसऱ्या भागात बँजो कसा येतो, ते ऐकावे. रस्त्यावरचे वाद्य येथे पाहुणे म्हणून येत नाही, घरचे म्हणून येते.

फ्लॉरेन्स प्राइसची पहिली सिम्फनी १९३३ साली शिकागो सिम्फनीने वाजवली. तिचा तिसरा भाग 'जुबा' आहे. अनेक मळ्यांवर ढोलांना बंदी होती, तेव्हा गुलाम मांड्या आणि छाती थोपटून ताल धरत. त्या तालावरचा हा नाच. आपल्यापुढे स्त्री असण्याचा आणि काळी असण्याचा असे दोन अडसर आहेत, असे तिने १९४३ साली बोस्टनचा संचालक कूसेव्हित्स्की याला लिहिले. १९५३ साली ती वारली. तिच्या हयातीत या सिम्फनीची ध्वनिमुद्रिका निघाली नाही. २००९ साली इलिनॉयमधील एका पडक्या घरात तिची हस्तलिखिते सापडली. फिलाडेल्फिया वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका २०२१ साली आली.

विल्यम डॉसनची 'निग्रो फोक सिम्फनी' स्टोकोव्हस्कीने १९३४ साली फिलाडेल्फियात सादर केली. १९५२ साली पश्चिम आफ्रिका पाहून आल्यावर डॉसनने तिचे ताल नव्याने बांधले. स्टोकोव्हस्कीची १९६३ची ध्वनिमुद्रिका या नव्या रूपाची आहे. आरंभीची एकाकी हॉर्नची हाक पुढे कुठे कुठे परत येते, ते कागदावर टिपून ठेवावे. रचनेची बांधणी शिकण्याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

डॉसन १९९० सालापर्यंत जगला, पण दुसरी सिम्फनी त्याने लिहिली नाही. जे तबकडीवर येत नाही ते विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोचत नाही, आणि जे कानापर्यंत पोचत नाही त्याची परंपरा होत नाही. म्हणून या ध्वनिमुद्रिका केवळ ऐकण्यासाठी नव्हेत. कोणाचे काय वाजले आणि कोणाचे पेटीतच राहिले, याचा हिशेबही त्या मागतात.