भूमध्य समुद्रातील सुखसफरी आणि बंदरशहरांचा दरवाजा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

ऐतिहासिक बंदरशहरांना सावकाश भेटी देत, केवळ पाहण्यासाठी व आनंदासाठी केलेला दीर्घ समुद्रप्रवास ही एकोणिसाव्या शतकाची निर्मिती होय. तत्पूर्वी समुद्र ओलांडणारा मनुष्य प्रामुख्याने व्यापारी, सैनिक, खलाशी, यात्रेकरू, स्थलांतरित किंवा गुलाम असे. त्याच्या प्रवासाला प्रयोजन असे आणि ते बंदरावरील अधिकाऱ्यास ठाऊक असे. सुखसफरीचा इतिहास सामान्यतः जहाजांचा व जहाज कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. परंतु जहाज बंदरात शिरते ते बंदराने शिरू दिले तरच. येणाऱ्यास रोखून धरण्याचा हा अधिकार बंदरशहरांनी शतकानुशतके वापरला. तो कोणासाठी सैल झाला व कोणासाठी आवळला गेला, याचा विचार केल्याखेरीज सुखसफरीचा इतिहास अपुरा राहतो. प्रस्तुत लेखात १८६७ सालची ‘क्वेकर सिटी’ या आगबोटीची सफर केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाची मांडणी केली आहे.

बंदराचा दरवाजा

एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या नगरराज्याने १३७७ मध्ये असा नियम केला की, प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांनी एक महिना नजीकच्या म्रकान बेटावर किंवा त्साव्हताट या गावी काढल्याशिवाय नगरात पाऊल ठेवू नये. पुढे हा कालावधी चाळीस दिवसांचा झाला आणि ‘चाळीस’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाईन’ ही संज्ञा रूढ झाली. व्हेनिसने १४२३ मध्ये आपल्या खाजणातील एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी स्थायी रुग्णालय स्थापन केले. ही दोन्ही नगरे व्यापारावर जगणारी होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. दरवाजा बंद करणे म्हणजे स्वतःच्याच उत्पन्नावर पाणी सोडणे होते. तरीही त्यांनी ते केले.

या नियमात सूट दिल्यास काय होते, याचे उदाहरण मार्सेय येथे घडले. मे १७२० मध्ये लेव्हांटहून ‘ग्रां-सेंत-आंत्वान’ हे जहाज तेथे आले. वाटेत जहाजावर मृत्यू झालेले होते. परंतु त्यातील मौल्यवान कापडात नगरातील वजनदार व्यापाऱ्यांचे हितसंबंध गुंतलेले होते आणि माल जत्रेच्या हंगामापूर्वी बाजारात पोहोचणे त्यांना आवश्यक वाटत होते. नियम शिथिल झाले. पुढील दोन वर्षांत सुमारे ९०,००० लोकवस्तीच्या त्या नगरातील जवळजवळ निम्मे लोक मृत्युमुखी पडले.

‘क्वेकर सिटी’ची सफर

वाफेच्या जहाजांमुळे प्रवासाचे वेळापत्रक बांधता येऊ लागले आणि सुखसफरीची कल्पना व्यवहार्य ठरली. टपाल वाहतुकीचे कंत्राट असलेल्या पी. अँड ओ. कंपनीने १८४४ मध्ये साउदम्प्टनहून भूमध्य समुद्रातील सफरींस आरंभ केला. कादंबरीकार थॅकरे यास कंपनीने त्याच वर्षी विनामूल्य प्रवास घडवला व त्याचे प्रवासवर्णन १८४६ मध्ये प्रसिद्ध झाले. जाहिरातीचा हा मार्ग आजही जुना झालेला नाही. तथापि हे प्रवासी टपालाच्या नियमित बोटींतूनच जात व वाटेत बोटी बदलत. एकच जहाज केवळ सहलीसाठी ठरवून, एकच प्रवासीसमूह घेऊन अटलांटिक पार करून भूमध्य समुद्रात जाण्याचा मोठा प्रयोग जून १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या ‘क्वेकर सिटी’ने केला.

हे जहाज अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलात वापरले गेले होते. सफरीची कल्पना ब्रुकलिन येथील एका चर्चच्या मंडळींतून निघाली. पवित्र भूमीचे दर्शन हे तिचे मुख्य आकर्षण असल्याने यात्रा व सहल यांची तीत सरमिसळ होती. माणशी भाडे १,२५० डॉलर होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राने आपला वार्ताहर म्हणून एका एकतीस वर्षांच्या लेखकाचे भाडे भरले. तो मार्क ट्वेन होय. त्याने पाठविलेल्या वार्तापत्रांतून १८६९ मध्ये ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ट्वेन विनोदी लेखक असल्याने त्याचे प्रत्येक विधान अक्षरशः घेता येत नाही. परंतु बंदरांवरील अडवणुकीचे त्याचे उल्लेख वारंवार येतात आणि त्या वर्षांतील परिस्थितीशी जुळतात. १८६५ पासून भूमध्य प्रदेशात पटकीची साथ फिरत होती आणि १८६७ च्या उन्हाळ्यात इटली तिच्या विळख्यात होता.

या पार्श्वभूमीवर प्रवाशांचे अनुभव पाहावेत. कोमो सरोवराकाठी उतरलेल्या ट्वेन व त्याच्या सोबत्यांना एका खोलीत कोंडून धुरी देण्यात आली. लिव्होर्नो बंदरात तर निराळाच पेच उभा राहिला. एवढे मोठे जहाज महासागर ओलांडून केवळ मौजेखातर आले आहे, यावर तेथील अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. हे वेषांतर केलेले क्रांतिकारक असावेत असा त्यांना संशय आला. काही प्रवासी गॅरिबाल्डीस भेटून आल्याने तो बळावला आणि जहाजावर पाळत ठेवण्यात आली. ट्वेनने या प्रसंगाची थट्टा केली आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र अधिकाऱ्यांचा गोंधळ अर्थपूर्ण आहे. त्यांच्या नोंदवहीत मालवाहू, लष्करी, यात्रेकरूंचे अशा जहाजांना रकाना होता. निष्प्रयोजन जहाजाला नव्हता.

नेपल्स येथे जहाज क्वारंटाईनमध्ये अडकले. जे प्रवासी रोमहून आगगाडीने तेथे आले होते ते शहरात मोकळे फिरत होते आणि जे जहाजावरच राहिले ते समोर दिसणाऱ्या शहराकडे पाहत बसले होते. पुढे अथेन्सच्या पायरियस बंदरात, बंदराबाहेर अकरा दिवस नांगर टाकून राहावे लागेल असे सांगण्यात आले. कप्तानाने आवश्यक सामग्री घेऊन लगोलग पुढे जाण्याचे ठरविले. अ‍ॅक्रोपोलिस दुर्बिणीतून दिसत होते, पण तेथे जाण्यास मनाई होती. तेव्हा ट्वेन व त्याचे तीन सहकारी रात्री लहान होडीतून चोरून किनाऱ्यास लागले, वाटेत मळ्यांतील द्राक्षे तोडत चालत गेले, पहारेकऱ्यांची मनधरणी करून चांदण्यात पार्थेनॉन पाहिले आणि पहाटेपूर्वी परतले. हा त्या ग्रंथातील अत्यंत वाचनीय भाग आहे. पण त्याच्याकडे ग्रीक बाजूने पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली नाही. क्वारंटाईन मोडणे हा तेथे कारावासाचा गुन्हा होता, आणि ज्या किनाऱ्यावर हे चौघे उतरले तेथील रहिवाशांना साथीची भीती खरीखुरी होती. प्राचीन अवशेषांच्या ओढीने जिवंत शहराचा विसर पडावा, ही सुखसफरीच्या प्रवाशाची वृत्ती येथे प्रथमच इतकी स्पष्ट दिसते.

स्मर्ना बंदरातून इफेससला गेलेल्या प्रवाशांनी तेथील संगमरवराचे तुकडे खिशात भरले. परतताना ते सर्व काढून ठेवावे लागले. या मंडळींवर लक्ष ठेवावे व काही नेऊ देऊ नये, असा हुकूम कॉन्स्टँटिनोपलहून आधीच आला होता. म्हणजे प्रवाशांची कीर्ती त्यांच्या पुढे धावत होती. इफेसस हेही एके काळी बंदरच होते. नदीच्या गाळाने समुद्र दूर लोटल्यावर ते ओसाड पडले.

दरवाजा कोणासाठी?

यानंतरच्या तीन दशकांत दरवाजाचे स्वरूप पालटले. १८५१ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदांत, सरसकट अडवणुकीऐवजी जहाजांची तपासणी व वर्गवारी करावी, हा विचार क्रमाने मान्य झाला. त्याचा लाभ सुखसफरींना मिळाला. हॅम्बुर्गच्या जहाज कंपनीचा अधिकारी आल्बर्ट बालिन याने, हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू मिळत नसल्याने रिकामे राहणारे ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज जानेवारी १८९१ मध्ये २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्रात पाठविले. लिव्होर्नोच्या अधिकाऱ्यांना न सापडलेला रकाना आता तयार झाला होता.

परंतु त्याच वर्षांत त्याच समुद्रमार्गांवर दुसऱ्या एका प्रवाशासाठी दरवाजा आवळला जात होता. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पटकीचे मूळ हिंदुस्थानात असल्याचे व हजचे यात्रेकरू तिचे वाहक असल्याचे ठरविले. तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाशी कामरान बेटावर ऑटोमन शासनाने १८८२ मध्ये क्वारंटाईन स्थानक उघडले आणि मुंबईहून जाणाऱ्या यात्रेकरूंना तेथे सक्तीने उतरविले जाऊ लागले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले. युरोपीय राष्ट्रांची भीती एवढी वाढली की, १८९७ मध्ये केवळ या प्लेगच्या विचारासाठी व्हेनिस येथे परिषद भरली आणि त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणारी वाहतूक बंद करण्यात आली. डेकवर दाटीवाटीने बसलेला गरीब यात्रेकरू संशयित, आणि स्वतंत्र केबिनमधील सहलीचा प्रवासी निर्धोक, असे हे गृहीतक होते. दाटीमुळे रोगाचा धोका वाढतो, हे त्यामागील कारण अगदीच निराधार नव्हते. मात्र दाटी ही यात्रेकरूच्या निवडीची बाब नव्हती, ती भाड्याच्या दराने ठरत होती.

अलीकडील काळ

केबिनमधील प्रवासी निर्धोक असतो, हा समज ३ फेब्रुवारी २०२० रोजी योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ आले तेव्हा संपला. जहाजावर ३,७११ माणसे होती; त्यांपैकी ७१२ जणांना कोविडची लागण झाली. नेपल्सच्या बंदरात १८६७ साली दिसलेले, शहरासमोर अडकलेल्या सहलीच्या जहाजाचे दृश्य अनेक पटींनी मोठे होऊन पुन्हा दिसले.

मात्र रोग हे आता अडवणुकीचे एकमेव कारण उरलेले नाही. जून २०१९ मध्ये व्हेनिसच्या ज्युडेका कालव्यात सुखसफरीचे एक प्रचंड जहाज धक्क्यावर व एका पर्यटक बोटीवर आदळले. रहिवाशांचे आंदोलन त्यापूर्वीच चालू होते. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या शासनाने २५,००० टनांहून अधिक क्षमतेच्या जहाजांना सान मार्कोसमोरील जलमार्ग बंद केला. दुब्रोव्हनिकने २०१९ मध्ये एका वेळी दोन जहाजे व ४,००० प्रवासी अशी मर्यादा घालून घेतली. बंदराच्या उत्पन्नावर जगणारे लोक आणि त्याच बंदरामागच्या गल्ल्यांत राहणारे लोक यांच्यात या प्रश्नावर एकमत नाही. मार्सेयच्या १७२० मधील व्यापाऱ्यांनाही आपला निर्णय व्यवहारी वाटला होता.

दुब्रोव्हनिकच्या प्लोचे वेशीबाहेर सतराव्या शतकात पूर्ण झालेली लाझारेत्तीची इमारत आजही उभी आहे. व्यापारी काफिल्यांना व त्यांच्या मालाला नगरात शिरण्यापूर्वी येथेच थांबावे लागे. आता तेथे नृत्याचे व संगीताचे कार्यक्रम होतात. मोठी जहाजे ग्रुझ बंदरात लागतात, तेथून प्रवासी बसने जुन्या नगराच्या वेशीपर्यंत येतात आणि आत किती माणसे आहेत याची मोजणी वेशींवरील कॅमेरे करीत असतात.