झाकणावरची फट

रविवारी उपासनेला गेल्यावर आजी नातवाच्या मुठीत नाणं ठेवते. "तूच टाक हं पेटीत," म्हणते. पोर टाचा उंचावतं, फटीतून नाणं सरकवतं आणि आतला 'टण्' ऐकून हसतं. या दानपेटीची कुळी सुमारे 2,800 वर्षांमागे जाते. तिचा जन्म मात्र भक्तीपेक्षा संशयातून झाला.

यरुशलेमात योवाश राजा होता. मंदिराच्या डागडुजीचा पैसा याजकांच्या हाती जाई, पण राजाच्या कारकिर्दीचं 23वं वर्ष उजाडलं तरी पडझड तशीच होती. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीच्या उजव्या हाताला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजत, थैल्यांत बांधत. ते सुतार-गवंड्यांना पोचत. जुन्या करारातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात ही नोंद आहे.

येशूच्या काळी मंदिराच्या आवारात अशा 13 पेट्या होत्या, शिंगाच्या आकाराच्या. त्यांतल्याच एखाद्या पेटीत एका गरीब विधवेने दोन नाणी टाकली. ग्रीकमध्ये त्यांना 'लेप्टा' म्हणत. मराठी बायबलमध्ये त्यांच्या 'टोल्या' झाल्या आणि दोहोंची मिळून किंमत झाली एक दमडी. करंगळीच्या नखाएवढी तांब्याची नाणी. दोन मिळून मजुराच्या दिवसाच्या कमाईचा 64वा हिस्सा. तिच्याजवळ तेवढंच होतं. सगळ्यांपेक्षा हिने जास्त दिलं, असं येशू म्हणाला. हा प्रसंग आपण नेहमी सांगतो, पण त्याच्या अगदी आधीचं बोलणं विसरतो. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना त्याने तिथेच फटकारलं आहे. सर्वस्व देणं हा त्या बाईचा हक्क होता. ते तिच्याकडून उकळणं हा कुणाचाही हक्क नव्हता.

पुढे पेटीला कुलपं वाढली. 1199 साली पोप तिसरे इनोसंट यांनी क्रूसयुद्धाच्या निधीसाठी चर्चमध्ये तीन किल्ल्यांच्या पेट्या ठेवायला लावल्या. 1547 साली इंग्लंडमध्ये गरिबांसाठीच्या पेटीलाही तीनच किल्ल्या आल्या. पुढच्या काळात तिथल्या अनेक चर्चमध्ये बसायच्या बाकांनाही भाडं लागू झालं. ज्याची ऐपत मोठी, त्याला जागा चांगली.

इंग्लंडमधल्याच टिनमथ गावातल्या एका तरुण पाळकाला हे सलू लागलं. त्याचं नाव जॉर्ज म्युलर. 1830 साली त्याने बाकांचं भाडं बंद केलं आणि त्यातून मिळणारा आपला ठरलेला पगारही सोडला. चर्चमध्ये एक पेटी ठेवली. ज्याला वाटेल त्याने त्यात टाकावं. गरज सांगायची ती फक्त देवाला, असं त्याने ठरवलं. पेटी उघडण्याचं काम दुसऱ्याकडे होतं आणि तो माणूस कित्येक आठवडे ती उघडायचाच नाही. 1831च्या जानेवारीत घरातला कोळसाही संपत आला. पेटी उघडून पैसे काढलेले म्युलरने डोळ्यांनी पाहिले होते, तरी तो मागायला गेला नाही. त्याने प्रार्थना केली आणि त्याच दिवशी पैसे घरपोच आले. पुढे ब्रिस्टलमध्ये 10,000हून अधिक अनाथ मुलं याच रीतीने वाढली. देणाऱ्यांची नावं झाकलेली असत, पण दर वर्षी आलेली रक्कम मात्र छापली जाई. भरवसा देवावर होता आणि हिशेब सगळ्यांसमोर.

म्युलरची ही कहाणी पंडिता रमाबाईंनी वाचली आणि हिंदुस्थानात असं होईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. बोस्टनमध्ये 1887 साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत सरत आली आणि त्याच सुमारास मध्य प्रांतात 1896-97चा दुष्काळ पडला. रस्त्यांवर मुली उपासमारीने मरत होत्या. हिशेबी माणूस अशा वेळी हात आखडता घेतो. रमाबाई तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर मुक्ती मिशन उभं राहिलं. काही वर्षांतच तिथे दीड हजारांवर जीव जेवू लागले. ठरलेलं उत्पन्न नव्हतं. पहाटे प्रार्थना करायची आणि दिवसभर शेतात, मागावर, छापखान्यात राबायचं.

देवावर भरवसा म्हणजे हातावर हात धरून बसणं नव्हे, हे केडगावने दाखवलं. आजही कुणी व्यासपीठावरून "अमुक द्या, दसपट मिळेल" असं म्हणालं, तर मला म्युलरची ती पेटी आठवते. तिने कुणाला काही कबूल केलं नाही, कुणापुढे हात पसरला नाही. त्यागाचं दान मागून मिळत नसतं.

आजी नातवाच्या हातात नाणं देते, तेव्हा त्याची मूठ ती स्वतः मिटते. उघडायची ती त्याने, फटीपाशी गेल्यावर.