दंगलखोराचा मेंदू

मेंदूविज्ञानाच्या नैतिक बाजूची चर्चा करणारे ‘न्यूरोएथिक्स’ हे नियतकालिक २००८ साली निघाले. त्याआधी २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोला परिषद भरली, आणि या विषयाचा जन्म तिथे झाला असे विद्वान सांगतात. मला हे पटत नाही. ज्यांच्या डोक्याला सुरी लागायची होती, त्यांच्या बाजूच्या माणसांनी हा प्रश्न फार आधी, आणि कोर्टात उभे राहून विचारला होता.

१८५१ साली न्यू ऑर्लीन्सच्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने एक रोग शोधून काढला. नाव ‘ड्रॅपेटोमेनिया’. लक्षण एकच : गुलामाने मालकापासून पळून जाणे. गुलामी हा रोग नव्हे. तिच्यातून सुटू पाहणे हा रोग! प्रतिबंधक उपायांत चाबूकही होता. आज हसू येते. पण हसण्याची घाई नको.

जुलै १९६७. डेट्रॉइट शहरात पोलिसांनी विनापरवाना दारूच्या एका अड्ड्यावर धाड घातली आणि काळी वस्ती पेटली. ४३ माणसे मेली, त्यांतली ३३ काळी. सप्टेंबरात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रात मार्क, स्वीट आणि अर्विन या बोस्टनच्या तीन डॉक्टरांचे पत्र आले. दारिद्र्य, बेकारी, गलिच्छ वस्ती ही कारणे त्यांनी नाकारली नाहीत. पण त्यांचे म्हणणे असे : अशा वस्त्यांत पुष्कळ लोक राहतात, जाळपोळ थोडेच करतात, मग या थोड्यांच्या मेंदूतच बिघाड नसेल कशावरून? १९७० साली मार्क आणि अर्विन यांचे ‘व्हायोलन्स अँड द ब्रेन’ हे पुस्तक निघाले. मेंदूत इलेक्ट्रोड घालून आतला एक लहानसा भाग नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया त्यात वर्णिल्या आहेत.

हा युक्तिवाद वाचकांनी नीट तपासावा. बंड करणारा तेवढा रोगी. गोळी झाडणाऱ्याचा मेंदू तपासा, असे या तिघांनी सुचवले नाही.

१९७२ साली ब्लॅक पँथरचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा ‘माथेफिरू पोरे’ हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत. आपल्याकडे सुरीची गरज भासली नाही, शब्दावरच भागत होते.

पुढची गोष्ट पुन्हा डेट्रॉइटचीच. १९५५ पासून मिशिगन राज्याच्या मनोरुग्णालयात डांबलेल्या एका माणसाच्या मेंदूवर अशीच प्रायोगिक शस्त्रक्रिया व्हायची होती. संमतीपत्रावर त्याची सही होती. गेब कायमोविट्झ या वकिलाने दावा लावला. जुलै १९७३ मध्ये कोर्टाने निकाल दिला की, सक्तीने कोंडलेल्या माणसाने अशा प्रयोगाला दिलेली संमती कायद्याने ग्राह्य नाही. दरम्यान त्याला डांबून ठेवणेच घटनाबाह्य ठरले होते. सुटकेचा मार्ग मोकळा होताच त्याने आपली संमती मागे घेतली.