ओपीटी नेमकी लिहिलीय कुठे?

पुण्या-मुंबईहून अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या बहुतेकांचं कर्जाचं गणित ठरलेलं असतं. दोन वर्षं शिक्षण, पुढे तीन वर्षं ओपीटी, तेवढ्यात बँकेचे पैसे फेडू. ओपीटी म्हणजे ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग. विद्यार्थ्याच्या एफ-१ दर्जावरच राहून, शिकलेल्या विषयाशी संबंधित नोकरी करण्याची परवानगी. सगळ्यांना १२ महिने, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या ‘स्टेम’ शाखांना वर आणखी २४ महिने.

आता प्रश्न असा, की अमेरिकी काँग्रेसच्या कोणत्या कायद्याने ही ओपीटी निर्माण केली? उत्तर आहे, कोणत्याच नाही. ती आली सरकारी खात्याने केलेल्या नियमातून. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हा फरक पक्का डोक्यात ठेवावा. कायदा संसद करते, त्याखालचे नियम खातं करतं. नियम बदलायला संसदेत मतदान लागत नाही. ओपीटीचा सगळा इतिहास या एका फरकावर उभा आहे.

विद्यार्थी वेगळा का मानला गेला?

१९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून होणारं स्थलांतर अमेरिकेने बंद केलं. त्यात भारतही होता. पण विद्यार्थ्यांना त्यातून वगळलं होतं. १९२४ च्या कायद्यानेही देशनिहाय कोटे ठरवताना खऱ्या विद्यार्थ्याला कोट्याबाहेर ठेवलं. यामागचं गृहीतक सरळ होतं: विद्यार्थी येतो, शिकतो आणि परत जातो. १९५२ चा इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट आजही लागू आहे. त्यात हे स्पष्ट शब्दांत आहे. मायदेशातलं घर सोडण्याचा इरादा नसलेला आणि ‘केवळ’ अभ्यासक्रमासाठी येणारा, तो विद्यार्थी. हा ‘केवळ’ शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच कोर्टात भांडण झालं.

१९४७: सहा महिन्यांची सोय

गंमत म्हणजे नोकरीची परवानगी या कायद्याच्याही आधीची आहे. १९४७ च्या नियमात अशी तरतूद होती, की शिक्षणसंस्थेने व्यावहारिक प्रशिक्षण आवश्यक ठरवलं किंवा त्याची शिफारस केली, तर विद्यार्थ्याला सहा महिने काम करू द्यावं आणि ती मुदत वाढवताही यावी. कल्पना अशी, की नुसत्या वर्गात इंजिनिअर घडत नाही, कारखान्यात हात काळे व्हावे लागतात. म्हणजे या परवानगीचं मूळ ‘नोकरी’ नव्हे, ‘प्रशिक्षण’ आहे. आजही तिच्या नावात ट्रेनिंग आहे ते काही उगाच नाही.

तिला ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ हे नाव आणि १२ महिन्यांची आजची चौकट मिळाली ती १९९२ च्या नियमाने.

२००८: घाईत काढलेला नियम

खरी उलथापालथ पुढे झाली. ओपीटीनंतरचा नेहमीचा रस्ता म्हणजे एच-१बी व्हिसा. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. २००७ च्या एप्रिलमध्ये अर्ज सुरू झाले आणि दोन दिवसांतच एवढे आले, की सोडत काढावी लागली. शिकलेली मुलं सोडतीत हरून परत जाणार, अशी कंपन्यांची ओरड होती. एप्रिल २००८ मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्याने स्टेम पदवीधरांना १७ महिन्यांची वाढ दिली. एकूण २९ महिने.

पण अमेरिकेत १९४६ पासून एक पद्धत आहे. नियम करायचा तर आधी मसुदा जाहीर करायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मग अंतिम नियम काढायचा. तातडीचं कारण असेल तर ही पायरी टाळता येते. खात्याने ‘तातडी आहे’ म्हणत ती टाळली.

वॉशिंग्टन अलायन्स ऑफ टेक्नॉलॉजी वर्कर्स ही अमेरिकी तंत्रज्ञांची संघटना याविरुद्ध कोर्टात गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयाने तातडीचं कारण फेटाळलं आणि वाढीचा नियम रद्द ठरवला. हजारो मुलं त्या क्षणी त्याच नियमावर नोकरी करत होती. त्यांचे हाल होऊ नयेत म्हणून न्यायालयाने अंमलबजावणी पुढे ढकलली आणि खात्याला नव्याने, रीतसर नियम करायला वेळ दिला.

मसुद्यावर ५०,००० पेक्षा जास्त प्रतिक्रिया आल्या. मार्च २०१६ मध्ये नवा नियम जाहीर झाला आणि १० मे २०१६ पासून लागू झाला. त्याने वाढ १७ ऐवजी २४ महिन्यांची केली. सोबत आला आय-९८३ हा फॉर्म. विद्यार्थी काय शिकणार, देखरेख कोण करणार, मूल्यमापन कसं होणार, हे सगळं त्यात मालकाने आणि विद्यार्थ्याने मिळून लिहायचं असतं. अनेकांना हा निव्वळ कागदी सोपस्कार वाटतो. पण इतिहास माहीत असला की त्याचा अर्थ कळतो. ‘ही नोकरी नाही, प्रशिक्षण आहे’ हा दावा टिकवण्याचा पुरावा म्हणजे तो फॉर्म.

‘केवळ’ या शब्दाचा खटला

संघटनेने मग मुळावरच घाव घातला. कायदा म्हणतो ‘केवळ अभ्यासक्रमासाठी’, मग अभ्यासक्रम संपल्यावर हा माणूस विद्यार्थी कसा? वाचताना हा मुद्दा बिनतोड वाटतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. बहुमताचं म्हणणं असं, की ती व्याख्या देशात कोणाला येऊ द्यायचं ते ठरवते. आल्यानंतर किती काळ आणि कोणत्या अटींवर राहायचं हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने खात्याला दिलेला आहे. शिवाय ही प्रथा १९४७ पासून चालू होती, काँग्रेसला ती माहीत होती, आणि तिने ती मोडली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला.

मग ओपीटी सुरक्षित झाली का? इथे निकाल नीट वाचा. न्यायालयाने म्हटलं, खात्याला अशी परवानगी देण्याचा अधिकार आहे. ती दिलीच पाहिजे असं म्हटलेलं नाही. जो अधिकार वापरून खात्याने मुदत १२ वरून २९ आणि २९ वरून ३६ महिन्यांवर नेली, तोच वापरून ती खालीही आणता येते. फक्त ते रीतसर करावं लागेल, हे २०१५ ने शिकवलं.

आपल्यासारख्यांनी यातून काय घ्यायचं? कुठल्याही ‘हक्का’वर लिहायच्या आधी तो कायद्यात आहे, नियमात आहे की न्यायनिर्णयात, हे शोधा. अमेरिकेपुरतं बोलायचं तर १९३६ पासून निघणारं फेडरल रजिस्टर हे सरकारी राजपत्र उघडा. अंतिम नियमाआधीची लांबलचक प्रस्तावना बहुतेक जण वगळतात. हरकती काय आल्या आणि खात्याने त्यांना काय उत्तर दिलं, हे सगळं तिथेच असतं. आपल्याकडची राजपत्रंही याच सवयीने वाचायला घ्या.

आणि ज्याला तिकडे शिकायला जायचं आहे, त्याने कर्जाचं गणित मांडताना पहिले १२ महिने आणि पुढचे २४ वेगवेगळ्या ओळीत लिहावेत. दोन्ही नियमावरच उभे आहेत, पण दुसऱ्या ओळीचा नियम एकदा कोर्टात पडून पुन्हा उभा राहिलेला आहे.